गळा, शब्द आणि संमती

न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली. श्वासावरोधाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रकरण आमच्याकडे ऐन पावसाळ्यात यायचे. गळफास, गळा आवळणे, नाकातोंड दाबले जाणे, बुडणे असा क्रम ठरलेला. जयसिंग मोदी यांचा ग्रंथ १९२० साली पहिल्यांदा निघाला, तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या हे प्रकरण पाठ करत आल्या आहेत. निवृत्तीच्या आदल्या वर्षी हा तास संपला आणि एक विद्यार्थिनी मागे रेंगाळली. सगळे बाहेर गेल्यावर तिने विचारले, ‘‘मॅडम, दोघंही सज्ञान असतील आणि दोघांनी ठरवून, संमतीनं गळा दाबला असेल, तर?’’

प्रश्न कोणाच्या बाबतीतला आहे, हे मी विचारले नाही. दंड संहितेचे सत्त्याऐंशीवे कलम वाच, जिवाला धोका असेल तिथे संमती उपयोगी पडत नाही, एवढे सांगून मी हजेरीपट उचलला. ‘थँक्यू मॅडम’ म्हणून ती गेली. तिचा आवाज बसलेला होता. पावसाचे दिवस होते, निम्मा वर्ग खोकत होता, मला त्यात काही वावगे वाटले नाही.

उत्तर चुकीचे नव्हते, पण ते परीक्षेतले उत्तर होते. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर काय असायला हवे होते, हे शोधण्यात निवृत्तीनंतरची माझी दोन-तीन वर्षे गेली. जुने खटले, जुने प्रयोग आणि जुने ग्रंथ वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येत राहिली. प्रणयात गळा किंवा श्वास रोखण्याच्या या प्रकाराचा इतिहास बहुतेक वेळा ‘संमती होती की नव्हती’ या एकाच प्रश्नाभोवती लिहिला गेला आहे. त्याहून अवघड प्रश्न निराळा आहे: दिलेली संमती परत घेता येत होती का?

*

सुरुवात आपल्याकडच्याच ग्रंथापासून करते. वात्स्यायनाच्या कामसूत्राचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याच्या दुसऱ्या अधिकरणातला सातवा अध्याय फारसा कोणी वाचलेला नसतो. प्रणयातले प्रहार आणि त्यांना उत्तर म्हणून उमटणारे सीत्कार हा त्याचा विषय. प्रहार कुठे करावेत त्या जागांची यादी त्यात आहे: खांदे, मस्तक, स्तनांमधला भाग, पाठ, जघन आणि कुशी. या यादीत गळा नाही.

त्याच अध्यायात दक्षिणेकडच्या लोकांमध्ये रूढ असलेल्या काही कठोर प्रहारांचा उल्लेख येतो आणि पाठोपाठ तीन दुर्घटना नोंदवलेल्या आहेत. चोल राजाच्या हातून चित्रसेना ही गणिका मेली. पांड्य राजाचा सेनापती नरदेव याच्या चुकलेल्या प्रहाराने एका नटीचा डोळा गेला. आणि कुंतल देशीच्या शातकर्णी सातवाहनाच्या हातून त्याची महादेवी मलयवती मेली. सातवाहन म्हणजे पैठणशी नाते सांगणारे घराणे. आपल्या भूमीवरच्या एका राणीचा मृत्यू कामशास्त्राच्या ग्रंथात ‘असे करू नये’ याचा दाखला म्हणून येतो, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. वात्स्यायन या प्रकारांना अनार्य म्हणतो आणि पुढे कारणही देतो. भरधाव सुटलेल्या घोड्याला जसे वाटेतले खुंट, खड्डे, दऱ्या दिसत नाहीत, तसे आवेगाने आंधळ्या झालेल्या प्रेमिकांना संकट दिसत नाही. म्हणून आपले बळ आणि जोडीदाराचे बळ आधी ओळखावे, असे तो सांगतो.

हा सल्ला आजही खरा आहे. पण त्याच अध्यायात एक अडचणीची जागा आहे. सीत्कारांच्या वर्णनात आईला मारलेली हाक येते, त्याचबरोबर ‘नको’, ‘सोड’, ‘पुरे’ अशा अर्थाचे शब्दही येतात. म्हणजे नकाराचे शब्द सुखाच्या आवाजांत धरले आहेत. एकदा असे धरले की खरोखरच ‘सोड’ म्हणायचे असेल तेव्हा कोणता शब्द वापरायचा? वात्स्यायनाने हा प्रश्न घेतलेला नाही. न्यू यॉर्कमधल्या एका समलिंगी पुरुषांच्या गटाने १९८३ साली प्रणयातल्या बळाच्या खेळांसाठी ‘सुरक्षित, शहाणपणाचे आणि संमतीचे’ असे तीन शब्दांचे सूत्र मांडले. अशा वर्तुळांत खेळ थांबवण्यासाठी एक वेगळा, आधी ठरवलेला शब्द असावा अशीही रीत रुळली, कारण ‘नको’ हा शब्द खेळातच वापरून झालेला असतो. पण गळ्याच्या बाबतीत हाही उपाय तोकडा पडतो. शब्द जिथून निघायचा, तीच जागा दुसऱ्याच्या हातात असते.

*

लंडन, सप्टेंबर १७९१. बोहेमियातून आलेला फ्रांतिशेक कोचवारा हा वादक आणि रचनाकार तिथे स्थायिक झाला होता. त्याची ‘बॅटल ऑफ प्राग’ ही रचना घरोघरच्या पियानोवर वाजत असे. २ सप्टेंबरला तो सुझाना हिल या वेश्येकडे गेला. जेवणानंतर त्याने तिला पैसे देऊन दोर आणायला लावला आणि दाराला बांधून गळ्यात अडकवून घेतला. पाच मिनिटांनी दोर सोडवायचा, असे ठरले होते. तिने दोर कापला तेव्हा तो मेलेला होता. तिनेच शेजाऱ्यांना बोलावले. त्याच महिन्यात ओल्ड बेलीच्या न्यायालयात तिच्यावर खुनाचा खटला चालला आणि ती सुटली.

कोचवाराच्या दृष्टीने पाहिले तर त्याने सगळे काही केले होते. इच्छा त्याची, सूचना त्याची, वेळही त्यानेच ठरवलेली. संमतीत काहीच कमी नव्हते. कमी होती ती माहिती. पाच मिनिटे म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि हिलला तर त्याहून नव्हते. योगायोग असा की त्याच १७९१ साली फ्रान्समध्ये मार्की द साद याची ‘जस्टीन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्यातही असाच एक प्रसंग आहे. तिथे दोर वेळेवर कापला जातो आणि माणूस आनंदाने उठून बसतो. पुढे चित्रपटांनी आणि अश्लील चित्रफितींनी कादंबरीतलीच आवृत्ती उचलली, ओल्ड बेलीतली नाही.

*

पाच मिनिटांत काय होते, हे वैद्यकाने पुढे मोजून पाहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी रोमानियातले न्यायवैद्यकतज्ज्ञ निकोलाय मिनोविच यांनी फाशीचे प्रयोग स्वतःवरच केले. फास घट्ट झाल्यावर पाच-सहा सेकंदांत दृष्टी अंधुक झाली, कानांत शिट्ट्या वाजू लागल्या आणि प्रयोग आवरता घ्यावा लागला. नंतर कित्येक दिवस त्यांचा गळा दुखत राहिला. मिनोविच हे या विषयात पारंगत होते, मदतनीस शेजारी उभे होते आणि सगळ्यांचे लक्ष फक्त त्यांच्याकडेच होते. तरीही त्यांच्या हाती मोजकेच सेकंद होते.

१९४३ साली अमेरिकेत रोसेन, कॅबट आणि अँडरसन या संशोधकांनी निरोगी तरुण पुरुषांच्या मानेभोवती हवेचा पट्टा बांधून मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर थांबवला. साधारण पाच ते दहा सेकंदांत माणसे बेशुद्ध झाली. सामान्य समज असा असतो की श्वास कोंडला की माणूस धडपडतो, हात झटकतो, त्यामुळे समोरच्याला कळतेच. पण मानेवरच्या दाबात श्वासनलिकेच्या आधी रक्तवाहिन्या बंद होऊ शकतात. तसे झाले तर गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध हरपते. काहींना त्याआधी डोके हलके झाल्यासारखे वाटते आणि त्यालाच सुख म्हटले जाते. खरे तर तो मेंदूला प्राणवायू कमी पडत असल्याचा इशारा असतो.

दाब सुटला म्हणजे धोका टळला असेही नाही. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर तिथे गुठळी धरते आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी पक्षाघात होतो. मानेतल्या मज्जातंतूंवर दाब पडून हृदयाची गती एकाएकी बिघडू शकते. आणि बाहेरून काहीच दिसत नाही, असे अनेकदा घडते. अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथे घरगुती हिंसेच्या, गळा आवळल्याच्या ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या प्रकरणांत पोलिसांना गळ्यावर एकही खूण दिसलेली नव्हती. ती प्रकरणे संमतीची नव्हती, हे खरे. पण हात रागाने दाबतो आहे की प्रेमाने, यातला फरक मानेतल्या रक्तवाहिनीला कळत नाही.

*

टोकियो, मे १९३६. किचिझो इशिदा हा उपाहारगृहाचा मालक आणि त्याच्याकडे कामाला असलेली साडा आबे यांचे प्रेमप्रकरण जपानभर गाजले, ते त्याच्या शेवटामुळे. दोघे कित्येक दिवस लॉजमध्ये राहिले होते आणि किमोनोचा पट्टा गळ्याभोवती आवळणे त्यांच्या प्रणयाचा भाग झाले होते. एकदा ते इतके वाढले की इशिदाचा चेहरा सुजला आणि त्याला गुंगीच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. १८ मेच्या पहाटे, तो झोपेत असताना, साडाने पट्टा आवळून त्याचा जीव घेतला. न्यायालयाने तिला सहा वर्षांची शिक्षा दिली. ती १९४१ साली सुटली.

हा अपघात नव्हता, हे उघड आहे. पण जबाबात साडाने सांगितले की इशिदानेच तिला ‘आवळायला लागलीस तर थांबू नकोस, नंतर फार त्रास होतो’ अशा अर्थाचे काही म्हटले होते. ते तो खरोखर म्हणाला का, थट्टेत म्हणाला, की गुंगीत? ज्याला विचारायचे तो उरला नव्हता. लंडनमध्येही तेच घडले होते. सुझाना हिल खरे बोलत असावी, साडाच्या बोलण्यात किती खरे होते कोण जाणे. दोन्ही ठिकाणी न्यायालयापुढे संमतीची कहाणी आली ती एकाच तोंडून, वाचलेल्या माणसाच्या तोंडून. या प्रकारात गळ्यावर हात पडलेल्या माणसाचा आवाज दोनदा जातो. एकदा त्या क्षणी आणि दुसऱ्यांदा न्यायालयात.

*

इंग्लंडच्या कायद्याला हे समजायला बराच काळ लागला. १९९३ साली ब्राऊन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की सुखासाठी केलेल्या खऱ्याखुऱ्या इजेला संमतीचा बचाव नाही. आरोपी समलिंगी पुरुष होते आणि कोणाचीही तक्रार नव्हती. त्यामुळे न्यायमूर्तींनी इजेचा न्याय केला की आवडीचा, हा वाद आजही चालू आहे आणि तो रास्त आहे. १९९९ सालच्या एमेट खटल्यातले जोडपे मात्र स्त्री-पुरुषाचे होते. त्यात डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. आपल्या उत्तेजनाच्या भरात पुरुषाचे तिच्याकडे लक्ष राहिले नाही, ती संकटात आहे हे कळल्यावर त्याने पिशवी काढली. तिच्या डोळ्यांत रक्त उतरले होते. तिची तक्रार नव्हती, उलट दोघांनी पुढे लग्न केले. प्रकरण बाहेर आले ते डॉक्टरांमुळे. ‘लक्ष राहिले नाही’ हे वाचताना मला वात्स्यायनाचा घोडा आठवला. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. त्याचा निष्काळजीपणा त्या कृतीतूनच आला होता, कारण सुख घेणारा आणि पहारा ठेवणारा माणूस तिथे एकच होता.

पुढच्या वीस वर्षांत हा बचाव भलत्याच दिशेला गेला. बायकांच्या मृत्यूंच्या खटल्यांत ‘तिलाच तसे आवडायचे’ हे वाक्य ऐकू येऊ लागले. त्याविरुद्ध ब्रिटनमध्ये ‘वुई कान्ट कन्सेन्ट टू धिस’ ही मोहीम उभी राहिली. २०२१ च्या घरगुती अत्याचारविषयक कायद्याने गंभीर इजेच्या प्रकरणात लैंगिक सुखासाठीच्या संमतीचा बचाव चालणार नाही, हे कलमात लिहिले आणि जीव न जाताही गळा आवळणे हा स्वतंत्र गुन्हा केला. त्यातही इजा गंभीर नसेल तर संमतीला जागा ठेवली आहे. कायद्याने शयनघराचे दार पूर्ण उघडले नाही, पण मेलेल्या बाईच्या वतीने आरोपीने बोलायचे, ही सोय काढून घेतली.

*

आता मी त्या मुलीला सांगितलेल्या कलमाकडे येते. मेकॉले यांच्या विधी आयोगाने दंड संहितेचा मसुदा १८३७ मध्ये सादर केला. संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिचे सत्त्याऐंशीवे कलम अठरा वर्षांवरील व्यक्तीला स्वतःला इजा होऊ देण्याची संमती देऊ देते, पण मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव ठाऊक नसावा आणि तसा हेतूही नसावा, या अटीवर. दिलेले उदाहरण मोठे बोलके आहे: करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणारे दोघे. नियम पाळून खेळताना लागले तर तो गुन्हा नाही. आणि जिवाला धोका पोचवणारी कोणतीही दुखापत ही ‘गंभीर’, असे संहितेत वेगळे सांगितले आहे. नव्वदाव्या कलमाप्रमाणे भीतीने किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे. नशेमुळे आपण कशाला हो म्हणतो आहोत हे कळत नसेल, तर तीही नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी नव्या क्रमांकांनी तशाच आल्या आहेत.

तलवारबाजीच्या त्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत आहे. दोघांच्याही हातात तलवार आहे, दोघांचेही डोळे उघडे आहेत, आणि ‘बस’ म्हणून कोणीही मागे सरू शकतो. खेळाचे खेळपण मागे सरता येण्यात असते. गळा दाबला जातो तेव्हा हीच मुभा सर्वांत आधी जाते. म्हणून मला आता वाटते की कलमाचा क्रमांक सांगण्यापेक्षा हे उदाहरण त्या मुलीला समजावून सांगायला हवे होते.

आणखीही सांगायला हवे होते. जोडीदाराने न विचारता गळ्याला हात घातला, तर तो खेळ नसून हिंसा आहे, मग तो नवरा असो की प्रियकर. अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणांत प्रणयात गळा दाबला गेल्याचा अनुभव सांगणाऱ्या विद्यार्थिनी निम्म्याहून अधिक निघाल्या आहेत. चित्रफितींत पाहिलेले जेव्हा ‘सगळेच करतात’ होऊन बसते, तेव्हा न विचारणेही सवयीचे होते. बोलणे व्हायला हवे ते आधी, दिवसाउजेडी, दारू न घेता. ‘नाही’ म्हटल्याने नाते तुटणार असेल, तर तिथला ‘हो’ काही कामाचा नाही. काल दिलेला होकार आज चालत नाही आणि झोपलेल्या माणसाचा होकार कधीच चालत नाही. आणि इतके सगळे नीट बोलून झाले तरी एक वाक्य उरतेच: हे सुरक्षितपणे करण्याची रीत नाही. हे फक्त माझ्यासारखे शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहिलेले लोक म्हणतात असे नाही. अशा खेळांवर पुस्तके लिहिणारे आणि रुग्णवाहिकेवर काम केलेले अमेरिकन लेखक जे वाइझमन यांनीही गेल्या शतकाच्या अखेरीस हाच निष्कर्ष मांडला. ज्यांना बळाचा, शरणागतीचा भाव हवासा वाटतो, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. दोन सज्ञान माणसांनी तो भाव आपसात शोधावा. त्यासाठी गळ्याची गरज नाही, एवढेच माझे म्हणणे.

आणि शेवटचे, जे सर्वांत आधी सांगायला हवे होते. ज्याच्या किंवा जिच्या गळ्यावर असा दाब पडून गेला आहे, त्या व्यक्तीचा आवाज बसला, गिळताना दुखले, दिसण्यात फरक पडला, डोके किंवा मान न थांबता दुखू लागली, क्षणभर का होईना शुद्ध गेली, हातापायांत किंवा बोलण्यात कमजोरी वाटली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना खरे कारण सांगावे. कारण लपवले तर डॉक्टर घशाची गोळी देऊन परत पाठवतील. मीसुद्धा तेच केले असते.

तिचा आवाज बसलेला होता. तो पावसामुळे बसला असेल. तिचा प्रश्न एखाद्या मैत्रिणीसाठी असेल, किंवा निव्वळ अभ्यासाचाही असेल. ती उत्तीर्ण झाली, एवढे मला निकालावरून कळले. पण त्या दिवशी एक मुलगी बोलण्यासाठी वर्गात थांबली होती आणि मी तिला कलमाचा क्रमांक दिला. ‘‘बस जरा. गळा दुखतो आहे का?’’ एवढेच विचारायला हवे होते.